नाकाचे माप आणि नागरिकत्व

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने विचारले, "डीएनए तपासला तर आपण मूलनिवासी आहोत हे सिद्ध होईल ना?" प्रश्न प्रामाणिक होता. पण माणसाचा दर्जा रक्तात शोधायची सवय आली कुठून?

युरोपच्या प्रबोधनकाळाने समतेसोबत हीही सवय जगाला दिली. लिनियसने १७५८ मध्ये माणसांचे खंडांनुसार चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभावही चिकटवला. १७८९ मध्ये फ्रान्सने मानवी हक्क जाहीर केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्यां'ना नागरिकत्व देणारा कायदा केला. हक्कांचा जाहीरनामा खरा करून दाखवला तो फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी, १८०४ मध्ये हैती स्वतंत्र करून.

आपल्याकडे हा वंशविचार इंग्रज अंमलदारांनी आणला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने विशिष्ट जमातीत जन्मणे हाच संशयाचा आधार केला. 'लढाऊ वंशां'च्या सिद्धांताने १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद पाडली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले तर नाकाची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणावरून जातींची उतरंड लावत होते. नाक रुंद, तर जात खालची!

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हेच शस्त्र उलटवले. नाकाच्या मापांचे तक्ते मांडून त्यांनी दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच. अस्पृश्यतेचे मूळ त्यांनी वंशात नव्हे, तर बौद्धांविषयीच्या द्वेषात आणि गोमांसाच्या प्रश्नात शोधले. तरीही आपल्याच काही व्याख्यानांत डीएनएचा दाखला टाळ्या घेऊन जातो. आम्हाला तो मान्य नाही. पूर्वज कोण, हा संशोधनाचा विषय आहे. हक्क त्यावर टांगायचे, तर उद्या दुसरा कोणी वेगळा अहवाल घेऊन येईल.

हा धोका फक्त पुस्तकातला नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतात जन्म होणे जवळजवळ पुरेसे होते. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालकही बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे जन्मभूमीची जागा हळूहळू वंशावळ घेते आहे. त्या तरुणाला आम्ही हे सांगितले आणि वस्तीतल्या घरांना आता मुलांच्या दाखल्यांसोबत आईवडिलांचेही कागद जपून ठेवायला सांगतो.