सी.एन.आर. राव

चिंतामणी नागेश रामचंद्र राव (जन्म : ३० जून १९३४, बंगळूर) हे घनावस्था रसायनशास्त्र व अकार्बनी पदार्थांचे संश्लेषण या क्षेत्रांतील भारतीय शास्त्रज्ञ आहेत. बनारस हिंदू विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. १९६३ पासून ते कानपूरच्या आयआयटीत होते. १९७६ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतले व पुढे तिचे संचालक (१९८४-९४) झाले.

मिश्र धातूंची ऑक्साइडे बनवण्याच्या रूढ पद्धतीत घटकांची चूर्णे एकत्र वाटून उच्च तापमानाला दीर्घकाळ भाजतात. घनातून आयन फार सावकाश सरकतात, त्यामुळे पुन्हापुन्हा दळून भाजूनही अभिक्रिया अपुरी राहू शकते. राव व सहकाऱ्यांनी कॅल्शियम, मँगॅनीज, लोह, कोबाल्ट यांची कार्बोनेटे आधी कॅल्साइटच्या एकाच स्फटिकजालकात बसवली आणि मग तो स्फटिक तापवून विघटित केला. धातूंचे आयन शेजारीशेजारी असल्याने ऑक्साइड तुलनेने कमी तापमानाला तयार होते. रूढ भट्टीत सहजी न मिळणारी काही संयुगे या मार्गाने हाती आली.

लँथॅनम-तांबे ऑक्साइडाच्या विद्युत व चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास त्यांच्या गटाने बराच आधी केला होता. त्याच कुळातील बेरियमयुक्त ऑक्साइडात १९८६ मध्ये बेडनॉर्ट्स व म्यूलर यांना उच्चतापमान अतिसंवाहकता आढळली. पदार्थ परिचयाचा होता, शोध मात्र झुरिकजवळ लागला. त्यानंतर राव यांचा गटही या संशोधनात उतरला.

२०१४ मध्ये त्यांना सचिन तेंडुलकरसोबत भारतरत्न प्रदान करण्यात आले.