हेलसिंकी ते जाकार्ता : लाल मातीतले मल्ल आणि गादीवरचे निकाल

सन 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतीय कुस्ती संघाला एकच पदक मिळाले, तरी पदकतक्त्यातील त्या एका नोंदीवरून संघाच्या कामगिरीची पुरती कल्पना येत नाही. कारण खाशाबा जाधव यांनी 57 किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले, त्याच स्पर्धेत त्यांच्यावरच्या वजनगटात कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले केशव माणगावे चौथे आले होते. संघ देशाचा असला, तरी त्याचा भार मुख्यतः एका प्रांतातील तालमींनी, म्हणजे मल्लांच्या निवासी व्यायामशाळांनी, उचलला होता असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात सहावे आले होते, आणि त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी सोसला होता. पुढे संस्थान विलीन झाल्यामुळे हेलसिंकीसाठी हा आश्रय उरला नाही; तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट जाधवांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. राजाश्रयाची जागा शासनाने लगेच घेतली नाही, आणि मधल्या काळात ती एका शिक्षकाने भरून काढली.

पैशापेक्षाही अवघड प्रश्न कुस्तीच्या रीतीचा होता. कोल्हापूरच्या खासबाग मैदानापासून तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या, पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेल्यासारख्या मराठी भाषक गावांपर्यंत, जत्रेच्या फडात वजनकाटा नसे. जाणती मंडळी नजरेने जोड लावत, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली, म्हणजे तो चितपट झाला, की निकाल लागे. ऑलिंपिकमध्ये मात्र वजनगट काटेकोर होते, कुस्ती गादीवर होई, आणि चितपट न झालेल्या लढतीचा कौल पंच देत. मातीत पाय रुततो, तर गादीवर तो निसटतो, त्यामुळे डावाची पकडही बदलावी लागते. जाधवांचा हुकमी डाव ढाक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला फेकणे, हा गादीवरही चालला, कारण त्यात बळापेक्षा चपळाई अधिक लागते.

हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवल्यानंतर जाधव जपानच्या शोहाची इशी यांच्याकडून पराभूत झाले, आणि त्या दमछाकीच्या लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव यांच्याशी उतरावे लागले, असे सांगितले जाते. हरकत घ्यायला भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, हा तपशील खरा असेल तर पराभवाचा काही वाटा व्यवस्थापनाकडे जातो. सुवर्ण इशी यांना, तर रौप्य ममदबेयोव यांना मिळाले.

दहा वर्षांनी, 1962 च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत, मराठी मल्लांचे यश वरच्या वजनगटांत दिसले. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 97 किलो गटात मुक्तशैलीचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य जिंकले, तर त्यावरच्या गटात गणपत आंदळकर यांच्या वाट्याला ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि मुक्तशैलीचे रौप्य आले. ग्रीको-रोमन शैलीत कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायांचा वापर वर्ज्य असतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायांना पकड घालून पट काढण्यासारखे तालमीत रोज घोटले जाणारे डाव तेथे निरुपयोगी ठरतात. म्हणून आंदळकरांचे ते सुवर्ण मुक्तशैलीतील पदकापेक्षा अधिक विचार करायला लावणारे आहे.