पिंप, कापड आणि कापूस

अर्थशास्त्राच्या पुस्तकात परदेशी व्यापाराचा धडा आला की इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालची वाईन ही जोडी हटकून भेटते. उदाहरण डेव्हिड रिकार्डोचे, १८१७ सालचे. ठरावीक कापड करायला इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि ठरावीक वाईन करायला १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये हेच आकडे ९० आणि ८० आहेत, असे त्याने धरले. म्हणजे दोन्ही कामांत पोर्तुगालच सरस. तरीही पोर्तुगालने नुसती वाईन करावी, इंग्लंडने नुसते कापड करावे आणि अदलाबदल करावी, यात दोघांचाही फायदा. फळ्यावर बेरीज मांडून पाहा. दोघांनी दोन्ही कामे केली तर ३९० माणसे लागतात, कामे वाटून घेतली तर ३६०.

बेरीज अगदी बरोबर आहे. पण सावनेरसारख्या कापसाच्या तालुक्यात हा धडा शिकवताना आम्हांला दरवेळी एक गोष्ट खटकते. कापड सोडून दिलेल्या विणकरांचे काय झाले? आणि वाईन कोणी केली, ती कोणाच्या नावावर विकली गेली? म्हणून या वाईनचा इतिहास जरा खणून पाहायचे आम्ही ठरवले.

रिकार्डोच्या आधी शंभराहून अधिक वर्षे, डिसेंबर १७०३ मध्ये, इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात मेथ्युएन करार झाला. इंग्लंडच्या लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली. बदल्यात पोर्तुगालच्या वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात बसेल, असे इंग्लंडने मान्य केले. त्या वेळी इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध चालू होते आणि इंग्रजांना फ्रान्सबाहेरची वाईन हवी होती. पोर्तुगालने स्वतःची कापडगिरी उभी करण्याचा प्रयत्न त्याआधी काही वर्षे केला होता. या करारानंतर तो मागे पडला. वाईन विकूनही कापडाचे पैसे फिटेनात, तेव्हा ब्राझीलच्या खाणींतले सोने त्या वाटेने इंग्लंडला जाऊ लागले. रिकार्डोच्या बेरजेत हे सोने नाही, युद्ध नाही आणि करारही नाही.

आता वाईनकडे वळू. उत्तर पोर्तुगालात डौरो नदीच्या काठी दगडी उतारांवर पायऱ्या खोदून द्राक्षे लावतात. तिथून होडीने पिंपे पोर्टो बंदराकडे येत, म्हणून हिचे नाव पोर्ट. जाता जाता सांगायचे तर आपला ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरूनच मराठीत आला आहे. साधी वाईन दूरच्या समुद्रप्रवासात आंबट होई, कारण हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने काही जिवाणू मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर, करतात. त्यावर उपाय म्हणून व्यापारी पिंपात थोडी ब्रँडी ओतू लागले. पुढे हळूहळू ती ब्रँडी रस आंबत असतानाच घालण्याची रीत रुळली, आणि तिथे खरी गंमत आहे.

द्राक्षरसातली साखर यीस्ट खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. साधारण निम्मी साखर उरली असताना त्यात ७७ टक्के मद्यार्काचा द्राक्षांचाच अर्क ओततात. इतक्या मद्यार्कात यीस्ट तग धरत नाही. आंबणे तिथेच थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाईन गोड होते. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचाही पाड लागत नाही. एक गणित वर्गात देता येईल. ४३५ लिटर रसात सुमारे ६ टक्के मद्यार्क तयार झाला आहे. त्यात ११५ लिटर अर्क घातला, तर ५५० लिटरच्या पिंपात किती टक्के मद्यार्क होईल? उत्तर २१ टक्क्यांच्या जवळपास येते, आणि पोर्टच्या बाटलीवर १९ ते २२ असाच आकडा असतो. आपल्याकडे वैद्य आसव-अरिष्टे करतात तेही याच तत्त्वावर टिकतात. फरक इतकाच की तिथला मद्यार्क धायटीच्या फुलांच्या मदतीने आतल्या आतच तयार होतो, बाहेरून ओतावा लागत नाही.

मदेरा बेटावरच्या वाईनचा आपल्या देशाशी अधिक जवळचा संबंध आला. हिंदुस्थानकडे येणारी जहाजे या बेटावर थांबत आणि पिंपे चढवत. विषुववृत्त पुन्हा पुन्हा ओलांडून, उन्हाळा सोसून परत गेलेली पिंपे उघडली तेव्हा वाईन बिघडण्याऐवजी सुधारलेली निघाली. मग काही पिंपे मुद्दाम फेरी मारायला पाठवू लागले. पुढे जहाजाचा खर्च वाचवून गरम माळ्यावरच पिंपे ठेवण्याची रीत पडली. १७४५ मध्ये सुरू झालेल्या कोसार्ट गॉर्डन या पेढीची मदेरा हिंदुस्थानातल्या इंग्रज पलटणींत जाई.

दारूच्या विषयावर सावनेरहून लिहायचे आणि राम गणेश गडकऱ्यांचे नाव घ्यायचे नाही, असे कसे होईल? २३ जानेवारी १९१९ रोजी ते सावनेरलाच वारले, आणि ‘एकच प्याला’ त्याच वर्षी, त्यांच्या मागे, रंगभूमीवर आले. प्याल्यापायी उद्ध्वस्त झालेले घर त्यांनी दाखवले. आम्ही पाहतो आहोत ती पिंपांवर उभी राहिलेली घराणी. दोन्ही गोष्टी एकाच पदार्थाच्या आहेत, याचा विसर आम्हांला पडलेला नाही.

ही घराणी का टिकली? चांगल्या सालाची पोर्ट बाटलीत वीस, तीस, कधी पन्नास वर्षे मुरते. लाकडी पिंपात ठेवली तर दरवर्षी थोडी उडूनही जाते. आजोबांनी घातलेले भांडवल नातवाच्या हाती येणार, इतका धीर एकट्या व्यापाऱ्याला परवडत नाही, घराण्याला परवडतो. कोप्के (१६३८), वॉर (१६७०), टेलर (१६९२) ही परदेशी नावे. फेरेरा (१७५१) हे पोर्तुगीज. फेरेरांची पेढी एकोणिसाव्या शतकात डोना अंतोनिया या विधवा बाईने चालवली आणि वाढवली.

घराण्याचे नाव म्हणजे माल खरा, असे मात्र समजायचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला वाईनला गडद रंग यावा म्हणून एल्डरबेरी या झुडपाच्या फळांचा रस सर्रास मिसळला जाई. भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने १७५६ मध्ये एक कंपनी काढून व्यापार तिच्या ताब्यात दिला. पोर्टची द्राक्षे कोणत्या हद्दीत पिकवायची ते ठरवून सीमेवर ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि ती झुडपे उपटायला लावली. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा हा फार जुना पूर्वज. पण कंपनीच्या मक्तेदारीने पोर्टोतले छोटे गुत्तेवाले बुडू लागले. १७५७ मध्ये ते रस्त्यावर उतरले, आणि पोंबालने अनेकांना फासावर चढवले. मानांकनाचा हा भाग सहसा सांगितला जात नाही.

पुढे १८४४ मध्ये जोसेफ जेम्स फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्याने पत्रक काढून स्वतःच्याच धंदेबंधूंवर भेसळीचा आरोप केला. ब्रँडी ओतण्यालाही त्याचा विरोध होता. त्याने डौरो खोऱ्याचा उत्तम नकाशा काढला आणि १८६१ मध्ये त्याच नदीत तो बुडाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे झाले असते तर आजची गोड पोर्ट राहिलीच नसती.

आमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे घराणे ग्रॅहम. ग्लासगोचे हे लोक कापडाचे व्यापारी. पोर्टोत त्यांची कापड विकणारी पेढी होती. १८२० मध्ये एका ऋणकोकडून पैसे वसूल होईनात, तेव्हा पेढीने कर्जाच्या बदल्यात पोर्टची २७ पिंपे घेतली. मालक नाराज झाले, अशी कथा सांगतात. पण पिंपे ग्लासगोत चांगली खपली आणि कापडाच्या पेढीतून वाईनचे घराणे निघाले. रिकार्डोने कागदावर मांडलेली अदलाबदल तीन वर्षांतच इथे प्रत्यक्षात उतरली, तीही बुडीत कर्जापोटी. याच ग्रॅहम घराण्याची पेढी पुढे मुंबईत होती आणि विलायती कापड आणून विकत होती.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवीने (१८६१ ते १८६५) आपल्या कापसाचा भाव आधीच चढवला होता. आता इथला कापूस मुंबईकडे आणि विलायती कापड इकडे, असा दुहेरी ओघ सुरू झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक याने तर १८६९ च्या सुमारास एका भागाविषयी आडपडदा न ठेवता लिहिले. त्या भागात रेल्वेचा फाटा नेला की परदेशी कापड गावच्या कापडापेक्षा स्वस्त पडेल. मग गावात सूत होणारा कापूस बाहेर जाईल, आणि सूतकताई व विणकामातली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. पोर्टोत कापडाची परतफेड वाईनने व्हायची, इथे कापसाने. फरक मोठा आहे. वाईन मुरत जाते, तिच्यावर घराण्याचे नाव लागते, आणि दर पिढीला तिची किंमत वाढते. कापसाची गासडी मात्र जिनिंगमधून निघाली की तिच्यावर शेतकऱ्याचे नाव राहत नाही, आणि पुढच्या हंगामापर्यंत ती धरून ठेवणे त्याला परवडतही नाही.

डौरोतही नाव सगळ्यांना मिळाले नाही, हे इथेच सांगितले पाहिजे. उतारांच्या पायऱ्या रचणारे, दगडी हौदांत रात्री पायांनी द्राक्षे तुडवणारे मजूर कोणत्याच बाटलीवर नाहीत.

१८८२ मध्ये अँड्र्यू सिमिंग्टन नावाचा स्कॉटिश तरुण ग्रॅहम पेढीत नोकरीला म्हणून पोर्टोत आला. १९७० मध्ये त्याच्या वंशजांनी ती पेढीच विकत घेतली. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो तिथेच गिरणी काढावी असे ठरवले आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली.