तार कोणाची, कान कोणाचा?

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेच्या काठी, चुंचगुंडी येथे, तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. हल्ला करणारे लोक मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांचे होते. पुढे चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले, बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर रोजी चांद्याला त्यांना फाशी देण्यात आली.

गोंडांच्या या उठावाचा उल्लेख आता बऱ्याच पुस्तकांतून येतो. परंतु त्या रात्री मारले गेले ते शिपाई नव्हते वा महसूल अधिकारीही नव्हते, तारखात्याचे नोकर होते, या तपशिलापाशी सहसा कोणी थांबत नाही. आदल्याच वर्षी, मे महिन्यात, दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेने पंजाबातील इंग्रज वेळीच सावध झाले होते. तार हे राज्य टिकवण्याचे साधन आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. प्राणहितेच्या काठी येणारी तार अहेरीच्या रानातल्या माणसाचे बोलणे पलीकडे पोचवण्यासाठी येत नव्हती. त्याची खबर पलीकडे पोचवण्यासाठी येत होती.

हा भेद पुढे कायद्यातच कोरला गेला. १८८५ च्या तार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने तार उभारण्याचा अनन्य अधिकार सरकारला दिला आणि पाचव्या कलमाने संदेश अडवण्याचा व वाचण्याचा. मालकी आणि कान, दोन्ही एकाच हाती. राज्य बदलले, कायदा राहिला. दूरध्वनी चोरून ऐकण्यावर काही मर्यादा येण्यासाठी पीयूसीएलच्या खटल्यातील १९९६ च्या निकालापर्यंत थांबावे लागले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निःसंदिग्धपणे सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. जुन्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा दूरसंचार अधिनियमही संदेश अडवण्याचा अधिकार सरकारकडेच ठेवतो.

मालकीच्या भिंतीला मात्र एक खिंडार पडले होते. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या बिनतारी उपकरणांसाठी परवानामुक्त केला. एका गावाने आपल्या छपरावर अँटेना लावून शेजारच्या गावाशी जोडून घ्यावे, ही कल्पना त्यामुळे आवाक्यात आली. महाराष्ट्रात या वाटेने ठळकपणे गेला तो पालघर जिल्ह्यातला ग्राममार्ग प्रकल्प. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खामलोलीच्या परिसरातील सात गावे दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून जोडून पाहिली. या निवडीमागे शास्त्र आहे. वायफायच्या लहरी ओल्या पानांत शोषल्या जातात. दूरचित्रवाणीच्या लांब लहरी झाडीतून त्या मानाने पार होतात. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिला संस्थेचा सव्वा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला.

आलापल्लीच्या सागवनात असे जाळे उभारायचे तर पहिला धडा पानझडीचा असेल. उन्हाळ्यात, साग ओका-बोका असताना, दोन गावांमधली जोडणी उत्तम चालेल आणि आषाढात तीच मुकी होईल. हे गणित गावातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्याला शिकवायचे ते अँटेनाची दिशा, सौरपेटीची निगा, बिघाड शोधण्याची रीत.

दुसरा धडा मात्र अधिक कठीण आहे, आणि तो कानाचा आहे. गावाने आपले जाळे उभारले म्हणजे सरकारच्या वा कंपनीच्या हाती असलेला कान गावातल्याच कोणाच्या तरी हाती येतो. ज्याच्या घरात यंत्र, त्याला कोण कधी कोणाशी जोडले गेले हे दिसते. मजकूर कूटलेखनाने झाकला तरी एवढे दिसतेच. उद्या तो सरपंचाचा पुतण्या असेल, सावकाराचा मुलगा असेल. एखादी मुलगी रात्री कोणाशी बोलली, एखादा आजारी माणूस कोणत्या रोगाविषयी वाचत होता, हे शेजाऱ्याला कळणे दिल्लीला कळण्यापेक्षा कमी धोक्याचे नाही. गाव जितके लहान, तितके हे कुतूहल मोठे. शिवाय जे एका माणसाचे नसून साऱ्या गावाचे आहे, त्याचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा आपल्या जंगलाचे नकाशे करतात. मध कुठे, औषधी कुठे, देवस्थान कुठे, हे सारे आता भ्रमणध्वनीवर नोंदले जाऊ शकते. ती नोंद कोणाच्या संगणकावर राहील, हा प्रश्न तांत्रिक मुळीच नाही.

त्याचे उत्तर देण्याची सवय मात्र याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव आपले निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेत आले आहे, आणि २००९ साली त्याने सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ज्या सभेला बांबूच्या हिशेबाची वही सर्वांसमोर उघडता येते, तिला यंत्राच्या नोंदींचे नियमही ठरवता येतील: कोणत्या ठेवायच्या, किती दिवसांनी पुसायच्या, किल्ली किती जणांकडे असावी. प्रशिक्षण देणाऱ्यांनी केवळ दोन हुशार तरुण निवडून त्यांना शहरात नेऊ नये असे आम्हाला वाटते, ते याचसाठी. धडा सभेतच, सर्वांदेखत आणि गोंडी-माडियात व्हायला हवा. गोंडीत असे काही होऊ शकते याचा पुरावा शेजारच्या छत्तीसगडने दिला आहेच. २०१० मध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी सुरू केलेल्या सीजीनेट स्वरावर साध्या फोनवरून लोक आपल्याच भाषेत गाऱ्हाणी सांगू लागले, आणि ती ऐकली गेली.

प्राणहितेच्या काठी पहिली तार आली तेव्हा अहेरीच्या माणसाला कोणी काही विचारले नव्हते. पुढे २०१४ मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त भागांसाठी दोन हजारांवर मनोऱ्यांची योजना मंजूर केली. त्या मनोऱ्यांमुळे दवाखाना गाठता येतो, भाव कळतो, आणि त्यांची गरज कोणी शहाणा नाकारणार नाही. पण त्यांच्याविषयीही गावाला विचारले गेले नाही. आपले जाळे आपण उभारताना तरी ही विचारणा पहिल्या दिवशी, खांब रोवण्यापूर्वी, व्हावी.