ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या नावामागे लागणारं ‘टीडी’ म्हणजे नेमकं काय?

जेराल्ड ग्रॉव्हनर, सहावे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर. लंडनमधल्या मेफेअर आणि बेलग्रेव्हिया या महागड्या भागांत त्यांच्या घराण्याच्या मोठ्या जमिनी. ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत लोकांत त्यांची गणना व्हायची. पण १९७० मध्ये ते टेरिटोरियल आर्मीत साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे मेजर जनरल झाले. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावामागे बिरुदांची रांगच होती आणि त्यातली दोन अक्षरं होती ‘टीडी’, म्हणजे टेरिटोरियल डेकोरेशन.

हे पदक शौर्यासाठी नव्हतं. नोकरी-धंदा सांभाळून वर्षानुवर्षं सैन्यात अर्धवेळ सेवा करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ते होतं.

सुरुवात कशी झाली?

१८९२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वयंसेवक दलांतल्या अधिकाऱ्यांसाठी २० वर्षांच्या सेवेचं पदक सुरू केलं. त्याची अक्षरं होती ‘व्हीडी’. दोनच वर्षांत भारत आणि वसाहतींसाठीही असं पदक आलं. भारतात मात्र १८ वर्षांची सेवा पुरेशी होती.

१९०८ मध्ये युद्धमंत्री हाल्डेन यांनी विखुरलेली स्वयंसेवक दलं एकत्र आणून टेरिटोरियल फोर्स उभी केली. तीच पुढची टेरिटोरियल आर्मी. त्याच वर्षी ‘टीडी’ सुरू झालं. ओकच्या पानांचं चांदीचं कडं, मध्ये राजाची सोनेरी अक्षरमुद्रा आणि मुकुट, वर हिरवी फीत आणि तिच्या मधोमध पिवळा पट्टा.

वर्षं कशी मोजायची?

अट २० वर्षांची होती, पण हिशेब सरळ नव्हता. युद्धातली सेवा दुप्पट धरली जायची आणि अधिकारी होण्याआधी शिपाई म्हणून केलेली सेवा निम्मी. समजा, कुणी ६ वर्षं शिपाई होता आणि नंतर ४ वर्षं अधिकारी म्हणून युद्धात होता. त्याची ३ अधिक ८, अशी ११ वर्षं भरायची. उरलेली ९ वर्षं शांतताकाळात काढावी लागायची.

१९३० मध्ये याची जागा एफिशियन्सी डेकोरेशनने घेतली. ब्रिटनमधले अधिकारी ‘टीडी’च लिहीत राहिले, तर भारतासह इतर ठिकाणचे ‘ईडी’ लिहू लागले. फीत अडकवायच्या पट्टीवर ‘टेरिटोरियल’ किंवा ‘इंडिया’ असं कोरलेलं असायचं. त्यामुळे पट्टी पाहून पदक कुठलं ते कळतं, आणि अक्षरमुद्रेवरून कोणत्या राजाच्या काळातलं ते. १९४९ मध्ये अट १२ वर्षांवर आली.

मग शिपायांना काय?

१९०८ पासून शिपायांसाठी १२ वर्षांचं वेगळं पदक होतं. त्यासाठी १२ वार्षिक प्रशिक्षण शिबिरंही पूर्ण करावी लागायची. पण त्यांना नावामागे अक्षरं लावता येत नसत. शिबिर तेच, पाऊस आणि चिखलही तोच. पण अधिकाऱ्याला ‘डेकोरेशन’ आणि शिपायाला नुसतं ‘मेडल’.

ही दरी १९९९ मध्ये मिटली. त्या वर्षी एप्रिलपासून व्हॉलंटिअर रिझर्व्ह्ज सर्व्हिस मेडल आलं. १० वर्षांची सेवा झाली की शिपाई असो वा कर्नल, पदक एकच. पुढच्या दर ५ वर्षांनी त्या फितीवर आणखी एक पट्टी चढते.

भारताचं काय?

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये भारताची स्वतःची टेरिटोरियल आर्मी सुरू झाली आणि १९५२ मध्ये तिची पदकंही आली. त्यातही अधिकाऱ्यांसाठी २० वर्षांच्या सेवेचं ‘टेरिटोरियल आर्मी डेकोरेशन’ आणि जवानांसाठी वेगळं ‘टेरिटोरियल आर्मी मेडल’ अशी दोन पदकं ठेवली गेली. ब्रिटनने सोडून दिलेली ही विभागणी मुळात त्यांच्याकडूनच आपल्याकडे आली होती.