होम्सला टोंगा दिसतो का?

शेरलॉक होम्स पहिल्याच भेटीत वॉटसनला बघून ‘हा अफगाणिस्तानातून आलाय’ हे ओळखतो. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेल्या कुणालाही हा प्रसंग आठवत असेल. अनोळखी माणूस नुसत्या नजरेने वाचता येतो, हा होम्सचा दावा. मी विज्ञानाकडून इतिहासाकडे आले. निरीक्षण करायला माणसं शिकतात कशी, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे हा दावा मला जरा तपासून बघावासा वाटतो.

होम्सचं मूळ एडिंबरामध्ये आहे. तिथे वैद्यकीचं शिक्षण घेताना कॉनन डॉयल सर्जन जोसेफ बेल यांच्या हाताखाली होता. रुग्णाने तोंड उघडायच्या आत बेल त्याची माहिती सांगायचे. डॉयलने सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. साध्या कपड्यांतला एक माणूस आला. वागणं अदबीचं, पण टोपी काढली नाही. म्हणजे सैन्यातला, आणि नुकताच सुटलेला. शिवाय हत्तीपाय झालेला. बेल म्हणाले, हा बार्बाडोसला होता. स्कॉटिश पलटणी तेव्हा तिथे होत्या आणि हा रोग ब्रिटनमधला नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. डोळ्यांनी टोपी आणि पाय टिपले. बार्बाडोस आलं ते आधीच्या माहितीतून.

वॉटसनचंही तसंच. उन्हाने रापलेला चेहरा, आखडलेला हात, लष्करी डॉक्टरची ढब. पण १८८० मध्ये मैवंदला ब्रिटिश फौजेचा दणदणीत पराभव झालेला, तो लंडनमध्ये सर्वांना माहीत होता. (दक्षिण आफ्रिकेतही तेव्हा लढाई चालू होती. होम्सचं नशीब थोर!) याला निगमन म्हणता येणार नाही. दिसलेल्या खुणांचं सर्वांत संभाव्य कारण निवडणं, म्हणजे डॉक्टर निदान करतात तेच हे. ते किती बरोबर येणार, हे आधीची माहिती किती बरी आहे यावर ठरतं.

मग माहितीच चुकीची असेल तर?

१८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये हेच होतं. खोलीत अनवाणी, लहानशी पावलं उमटलेली, बोटं फाकलेली; शिवाय एक विषारी काटा. इथपर्यंत होम्स मन लावून बघतो. नंतर मात्र तो कपाटातून नवंकोरं गॅझेटियर काढतो. त्यात लिहिलेलं असतं की अंदमानचे आदिवासी सरासरी चार फुटांहूनही बुटके, भेसूर आणि नरभक्षक. झालं! माणूस दिसायच्या आधीच निदान तयार.

हे गॅझेटियर काल्पनिक असलं, तरी त्यातल्या समजुती तेव्हा खरोखरच प्रचलित होत्या. अंदमानात अनेक वर्षं नोकरी केलेला अधिकारी एडवर्ड होरेस मॅन याने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लंडनच्या मानवशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात या लोकांवर सविस्तर लिहिलं आणि नरभक्षणाचा आरोप खोडून काढला. पुरुषांची उंचीही त्याला सरासरी पाच फुटांच्या जरा आत आढळली. विषारी काटे फुंकायची नळीसुद्धा त्यांची नव्हे. ते धनुष्यबाण वापरतात. उलट १८७७ मध्ये बाहेरून आलेल्या गोवराने तेच मोठ्या संख्येने मेले होते. आपल्याकडेही अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आठवतं, तिथले मूळ रहिवासी सहसा नाहीत.

कादंबरीत टोंगाला थेम्स नदीवर गोळी घातली जाते. त्याच्याबद्दल आपल्याला कळतं ते जोनाथन स्मॉलच्या जबानीतून. आजारी टोंगाची त्याने शुश्रूषा केली, तेव्हापासून टोंगा त्याला सोडायला तयार नव्हता. इंग्लंडमध्ये आल्यावर स्मॉलने त्याला जत्रांतून ‘काळा नरभक्षक’ म्हणून उभं केलं. टोंगा कच्चं मांस खाऊन, नाचून दाखवायचा. दोघांचं पोट त्यावर चालायचं. म्हणजे गॅझेटियरमधलं वर्णन हा त्याचा जत्रेतला रोल होता!

होम्स हे सगळं समोर बसून ऐकतो. ऐकून झाल्यावर टोंगाबद्दल त्याला एकच शंका असते: त्याचे काटे संपले असतील असं वाटलं होतं, मग आमच्यावर एक आला कुठून?