चार्जिंगचा रोबो आणि गिरणगावचा जुना हिशेब

इलेक्ट्रिक गाडी येऊन थांबते. बाजूच्या खांबाचा यांत्रिक हात हलतो, कॅमेऱ्याने गाडीचं झाकण शोधतो, प्लग लावतो आणि बॅटरी भरली की काढूनही घेतो. टेस्लाने २०१५ मध्ये सापासारखा वळवळणारा असा चार्जर दाखवला होता. ह्युंदाईने २०२३ मध्ये एका हाताचा रोबो दाखवला.

चहाच्या टपरीवर हा व्हिडिओ दाखवला की तीन प्रतिक्रिया हमखास येतात. "भारीच आहे!" "आता एवढं पण हाताने करायला नको का?" आणि थोडं थांबून, "मग पंपावरच्या पोरांचं काय?"

पहिल्या दोन सोडून देऊ. तिसरा प्रश्न मात्र गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो.

मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यात एके काळी नऊशेच्या आसपास घोडे होते. म्हणजे मोतद्दार आले, नालबंद आले, चारा पुरवणारे आले. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली आणि शहराला ती आवडली. घोड्यांची सुटका झाली, हे चांगलंच झालं. पण मोतद्दारांचं पुढे काय झालं, याला पुस्तकांत सहसा एक ओळही मिळत नाही.

त्याच सुमारास वीज गिरण्यांतही शिरली होती. त्याआधी काम उजेडाच्या हिशेबाने चालायचं. दिवस मावळला की भोंगा. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि मालकांना रात्रीचाही दिवस करता येऊ लागला. कामाचे तास तेरा-चौदावर गेले. कामगारांत असंतोष उसळला, वर्तमानपत्रांतून ओरड झाली, सरकारला चौकशी करावी लागली. शेवटी १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास! आणि तीही मिळवायला पाच-सहा वर्षं गेली. दिव्याने डोळ्यांना उजेड दिला, पण वाढलेला वेळ मालकाच्या खात्यात जमा झाला.

मग ही वीज येत कुठून होती? १९१५ पासून टाटांची जलविद्युत खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. गिरण्यांचा धूर कमी झाला. पुढच्या धरणासाठी मात्र मुळशी पेट्यातल्या मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जायची होती. १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालंच. आजही गाडी 'शून्य प्रदूषण' म्हणून विकली जाते तेव्हा मला मुळशी आठवते. धूर शहरात नसतो, पण विजेची किंमत कुणीतरी, कुठेतरी मोजत असतं.

आता १९२८. गिरणी मालकांनी नवी पद्धत आणली. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे. हिशेब सरळ होता. तिघांचं काम दोघांत भागणार, तिसऱ्याने गावाकडची गाडी पकडायची. सुमारे दीड लाख कामगार एप्रिल ते ऑक्टोबर संपावर होते. गिरणी कामगार युनियन याच संपात जन्मली. आम्हा घाटावरच्या आणि कोकणातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या तालुक्यांतली कितीतरी घरं परळ-लालबागच्या मनीऑर्डरवर चालत होती.

पण याच संपाची दुसरी बाजूही आहे आणि ती आपण सोयीने विसरतो. साचा खात्यात पगार बरा होता, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेशच नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. नोकरी वाचवा म्हणताना ती नोकरी मुळात कुणासाठी खुली आहे, हे विचारायचं नाही का? 'जुनं ते सगळं बरं होतं' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप यंत्राविरुद्ध नव्हता. तो पगार, बोनस आणि बदली कामगारांसाठी होता. पण त्यानंतर गिरण्या संपत गेल्या आणि जमीन उरली. तिच्यावर मॉल आले, टॉवर आले. चार्जिंगचा रोबो मुंबईत आला तर पहिल्यांदा बहुधा याच टॉवरांच्या पोडियम पार्किंगमध्ये येईल. समोरच्या चाळीत गाडी रस्त्यावर उभी असते. तिथे रोबो सोडा, प्लगची एक जागा मिळाली तरी पुष्कळ.

याचा अर्थ रोबो नको असा नाही. फास्ट चार्जिंगची केबल जाड आणि जड असते. वयस्कर माणसाला, व्हीलचेअरवरच्या चालकाला ती उचलणं अवघड जातं. फोर्डने २०२२ मध्ये जर्मनीत अशा चालकांसाठीच रोबोटिक चार्जिंगची चाचणी घेतली. ज्याला हात लागतो त्याला तो मिळाला, तर यंत्राचं सोनं झालं.

भुलाभाई देसाई रोडवर २०२१ मध्ये यांत्रिक वाहनतळ सुरू झालं, म्हणजे ही गोष्ट फार लांबची नाही. म्हणून आत्ताच बोलायला हवं. एकदा टेंडर निघालं की आपण फक्त फोटो काढायला उरतो.

माझ्या मते सार्वजनिक वाहनतळावर असं यंत्र बसवताना करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. आहेत त्या पार्किंगवाल्या आणि पंपावरच्या पोरांना देखभालीचं प्रशिक्षण आणि त्यात पहिला हक्क. पहिल्या जागा अपंगांसाठी. आणि टॉवरमध्ये जितके चार्जिंग पॉइंट, त्याच्या काही प्रमाणात जुन्या चाळींच्या गल्ल्यांतही.

१९०५ मध्ये दिवे आधी लागले, कायदा सहा वर्षांनी आला. या वेळी क्रम उलटा करता येईल. पटत नसेल तर जरूर भांडा, पण तुमच्या भागातल्या नगरसेवकाला हे तीन मुद्दे एकदा विचारून या.